सहा जणांची गाडी, पाच माणसं आणि एक कॅसेट

पत्र असं आहे:

"आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो. सांगलीहून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आलेत. सासूबाई 68 वर्षांच्या, गुडघे धरलेले. सासरे 72, शाळेत इतिहास शिकवायचे. शाळा सुटली, शिकवणं सुटलेलं नाही. मुलगा नऊ वर्षांचा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार रात्रींसाठी मोटरहोम भाड्याने घ्यायचं नवऱ्याच्या डोक्यात आहे. सहा जण झोपतील अशी गाडी त्याने हेरून ठेवलीय. कॉट्सवोल्ड्स, मग पीक डिस्ट्रिक्ट, मग लेक डिस्ट्रिक्ट आणि येताना यॉर्कशर. 'कॅम्पसाइटला पैसे कशाला घालवायचे, कुठेही कडेला लावू आणि झोपू,' असं म्हणतो. मला दोन गोष्टींनी झोप नाही. एक म्हणजे संडास. ओट्यापासून हातभर अंतरावर आहे तो. आमच्याकडे सोवळंओवळं नाही, पण इतकंही नाही! दुसरी गोष्ट म्हणजे ओटाच. घरी ओटा, सुट्टीतही ओटा, फक्त खाली चाकं. सरळ नाही म्हणू का?

– ओट्यापाशी, रीडिंग"

ओट्यापाशी ताई,

नाही म्हणू नका. बेत कापा. त्या कागदावरचं लेक डिस्ट्रिक्ट आणि यॉर्कशर आजच्या आज खोडून टाका, म्हणजे निम्मी डोकेदुखी तिथेच संपेल.

चार रात्री म्हणजे चार दिवस नव्हेत. भाड्याची गाडी बहुधा दुपारी ताब्यात मिळते. मग तासभर तो माणूस सगळी बटणं दाखवतो आणि त्यातली दोनच लक्षात राहतात. परत द्यायची असते सकाळी, धुऊनपुसून. हाती उरतात तीन दिवस. रीडिंगहून लेक डिस्ट्रिक्टमधलं विंडरमिअर अडीचशे मैलांच्या वर आहे, आणि तीन मीटर उंचीचं कपाट वाऱ्यातून हाकताना ते अंतर साध्या मोटारीतल्यापेक्षा फार लांब वाटतं. शिवाय लेक डिस्ट्रिक्टमध्ये हार्डनॉटसारखे घाट आहेत, चढ तीनास एक. जीपीएसला त्याचं सोयरसुतक नसतं, ते बिनदिक्कत तिकडे वळवतं.

माझ्या मते मुक्काम दोनच. पहिल्या दोन रात्री मोरटन-इन-मार्शच्या आसपास, पुढच्या दोन श्रॉपशरमध्ये आयर्नब्रिजजवळ. मोरटन तुमच्यापासून साठेक मैल. गाडी चारला मिळाली तरी उजेडात पोहोचाल; जुलैअखेरीला सूर्य नऊपर्यंत रेंगाळतो. पहिल्या रात्री उजेड फार लागतो. अंधारात, पावसात, विजेची केबल कुठे खोचायची यावरून नवरा-बायकोत होणारं भांडण आजूबाजूच्या पाच तंबूंना स्पष्ट ऐकू जातं. भाषा कळत नाही, आशय कळतो.

मोरटन सुचवण्यामागे आणखी एक डाव आहे. तिथून रीडिंगला थेट रेल्वे आहे. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले किंवा सासऱ्यांना पहिल्याच रात्री झोप लागली नाही, तर दोघांना सुखरूप घरी सोडता येतं आणि कोणाची सुट्टी मोडत नाही. ही वाट नवऱ्याला आधी सांगा. सासूबाईंना सांगू नका, त्या पहिल्याच सकाळी पिशवी भरतील.

आता गाडी. सहा झोपायच्या जागा म्हणजे सहा बसायच्या जागा असं समजू नका. कित्येक सहा बिछान्यांच्या गाड्यांना सीटचे पट्टे चारच असतात, आणि तुम्ही पाच. पैसे भरण्याआधी विचारा की समोर तोंड करून बसायच्या, पट्टा असलेल्या जागा किती. मुलगा 135 सेंटिमीटरपेक्षा बुटका असेल तर त्याला बूस्टर, म्हणजे खाली घालायची उंच बैठक, लागेल. चालत्या गाडीत मागे सासूबाई चहा टाकताहेत असं चित्र नवऱ्याच्या डोळ्यांपुढे असेल, तर तेही पुसा. गाडी चालू असताना सगळे पट्ट्यात, गॅस बंद.

दुसरी विचारणा वजनाची. नवऱ्याने मोटारीचं लायसन्स 1 जानेवारी 1997 नंतर काढलं असेल, तर त्याला साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते, आणि हा आकडा भरल्या गाडीचा धरतात. मोठ्या सहा बिछान्यांच्या काही गाड्या त्याच्या वर जातात. ज्या बसतात त्या अगदी काठावर. पाच माणसं, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर सासऱ्यांची पुस्तकं. टाकी घरून काठोकाठ भरून नेऊ नका, साइटवर नळ असतो.

आणि झोपायचं कोणी कुठे, हे घरीच ठरवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याला शिडी असते. तिथे मुलगा जाईल, आनंदाने जाईल, खाली यायला तयार होणार नाही. मागचा कायमचा बिछाना सासू-सासऱ्यांचा. तुम्ही दोघं मधल्या टेबलावर, म्हणजे टेबल मोडून जो बिछाना होतो त्यावर. रोज रात्री टेबल पाडायचं, सकाळी उभं करायचं. दोनदा केलं की हात बसतो, पण सगळ्यांचे चहाचे कप उचलल्याशिवाय तुम्हाला आडवं होता येणार नाही हे आधीच सांगून ठेवते. याला माझ्याकडे एक पर्याय आहे. पुष्कळ कॅम्पसाइटवर हल्ली लाकडी पॉड भाड्याने मिळतात. झोपडीएवढी खोली, आत बिछाना, वीज, हीटर. गाडीशेजारी एक पॉड मिळाला तर सासू-सासऱ्यांना तिथे झोपवा. खर्च वाढेल, पण तुम्हाला दाराआड बोलता येईल.

कडेला लावून झोपायचं म्हणतात ते इंग्लंडमध्ये चालत नाही. इथली प्रत्येक जमीन कोणाची तरी असते आणि रात्र काढायला मालकाची परवानगी लागते. डार्टमूरवर रानात तंबू टाकायचा हक्क सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये कायम ठेवला, पण तो तंबूचा; चाकांवरच्या घराचा नाही. काही पब जेवायला आलेल्यांना अंगणात रात्रभर गाडी लावू देतात. विचारून लावावी, चांगली सोय आहे. पण पबच्या अंगणात रात्री दोन वाजता सासऱ्यांसाठी दिव्याखालचा संडास नसतो.

म्हणून संडासाकडे येते. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. बहुतेक पत्रांत हा प्रश्न 'इतर सोयी' या नावाखाली येतो.

मोटरहोमच्या संडासाखाली एक प्लास्टिकची पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. गाण्याची नव्हे. साधारण अठरा-वीस लिटरची. गाडीच्या बाहेरून एक छोटं दार उघडायचं, पेटी ओढून काढायची आणि साइटवरच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. त्या जागेला इथली जुनी मंडळी एल्सन पॉइंट म्हणतात. आत निळं किंवा हिरवं औषध टाकतात, त्यामुळे वास दबतो. तरीही उन्हात ओतताना तोंड वळवावंच लागतं. पेटीला दोन चाकं नि एक दांडा असतो. सकाळी साडेआठला प्रत्येक साइटवर अर्ध्या चड्डीतले इंग्रज पुरुष ही पेटी ओढत, एकमेकांना 'मॉर्निंग' म्हणत, एखाद्या वरातीसारखे जाताना दिसतात. मला या देशाच्या समतेचं सर्वांत पटलेलं दर्शन तिथेच झालं.

आपली अडचण वेगळी आहे. आपण पाणी वापरतो. पाच माणसं, प्रत्येकाचा एक मग, वर फ्लश, आणि अठरा लिटर संध्याकाळपर्यंत भरतात. लाल दिवा लागल्यावरही कोणी गेलं तर काय होतं, ते लिहीत नाही. यावर उपाय एकच, तो निघण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचा: दिवसा साइटचं स्वच्छतागृह, गाडीतला संडास फक्त रात्री, आणि फक्त लघवीला. स्वच्छतागृहात नेण्यासाठी एक प्लास्टिकचा मग पिशवीत घाला, तिथे नळ असतो, टमरेल नसतं. ही सभा तुम्ही घेऊ नका, नवऱ्याला घ्यायला लावा. सासऱ्यांना लेकाने सांगितलेलं चालतं. सासूबाईंना प्रश्न ओट्याजवळच्या संडासाचा पडणार, तर त्यांना सांगा की त्या दाराआड दिवसभर कोणीच जाणार नाही. तुमचं निम्मं सोवळं तिथेच सुटलं.

त्यामुळे साइट निवडताना एक फसगत टाळा. इथे दोन जुने क्लब आहेत. कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब 1901 चा, कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब 1907 चा. दोघांकडेही सभासदांसाठी शेतकऱ्यांच्या छोट्या जागा असतात, एका वेळी पाचच गाड्या. मेंढ्या, ओक, शांतता. मला त्याच आवडतात. पण तिथे पुष्कळदा नळ आणि एल्सन पॉइंट याखेरीज काहीच नसतं. तुमच्यासाठी यंदा मोठी, गरम शॉवरची, काहीशी कंटाळवाणी साइट घ्या. फोन करून तीन गोष्टी विचारा: जागा पक्की खडीची आहे का, विजेची जोडणी आहे का, स्वच्छतागृह किती पावलांवर. गवतावरची जागा फोटोत सुंदर दिसते. एका रात्रीचा पाऊस पडला की साडेतीन टन तिथेच रुततात आणि मग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, त्याचं ते न बोलणारं हसू.

विजेची केबल पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली तापते. साइटवर कुठे दहा अँपिअर मिळतात, कुठे सोळा. दहा म्हणजे 2300 वॅट. घरातली किटली आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं की खटका पडतो, कधीकधी त्याची चावी वॉर्डनकडे, म्हणजे साइट सांभाळणाऱ्याकडे, असते आणि वॉर्डन जेवायला गेलेला असतो. किटली गॅसवरची न्या.

आता तुमचा ओटा. फोडणी गाडीच्या आत करायची नाही, एवढं लोखंडावर कोरून ठेवा. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म, आणि हिंग-लसूण गाद्यांच्या कापडात असे बसतात की परत देताना सफाईचे पैसे कापून घेतील. आमच्या पहिल्या सफरीत माझ्या भावजयीने आत बटाट्याची भाजी केली होती. कापले ते पैसे मला आजही सांगता येतील. डब्याच्या गॅसवर चालणारी छोटी शेगडी मिळते, ती बाहेर, वारा अडवून. दोन गाड्यांमध्ये साधारण सहा मीटर अंतर ठेवायची इथे रीत आहे, तेवढ्यात वास विरतो. नाही विरला तर शेजारी वाटी घेऊन येतो, तेही झालंय. निखाऱ्याची शेगडी मात्र विझलेली वाटली तरी आत किंवा तंबूत आणायची नाही, कार्बन मोनॉक्साइडने इथे माणसं गेलीत.

पण माझं म्हणणं त्याहून साधं आहे. तुम्ही चार रात्रींत एकच स्वयंपाक करायचा. बरोबर धपाटे, तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. भडंग तर सांगलीची माणसं आणतातच, ते विचारावं लागत नाही. तीन लिटरचा कुकर न्या, खिचडी होते. मात्र रात्री साडेदहानंतर शिट्टी नको, बहुतेक साइटवर शांततेची वेळ तिथून सुरू होते. एक संध्याकाळ पबमध्ये, एक फिश अँड चिप्स, एक नवरा. नवऱ्याला अंडी येतात, येत नसली तर येतील. सकाळचा चहा सासऱ्यांकडे द्या. बाहत्तराव्या वर्षी बाहेर दव पडलेलं असताना पायजम्यात उभं राहून पाच कप चहा करणं यात काय सुख आहे, हे ते तुम्हाला नंतर स्वतःच सांगतील, सनावळीसकट.

सनावळीवरून आठवलं. गुरुजींना कॉट्सवोल्ड्समध्ये नुसती पिवळट दगडाची घरं दाखवलीत तर दुसऱ्या दिवशी जांभया देतील. मोरटनपासून पाच-सहा मैलांवर डेल्सफर्ड नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जची, म्हणजे बंगालच्या पहिल्या गव्हर्नर जनरलची, कबर आहे. वाडवडिलांची गेलेली इस्टेट त्याने 1788 मध्ये परत विकत घेतली, त्याच वर्षी पार्लमेंटात त्याच्यावर खटला उभा राहिला, सात वर्षं चालला आणि तो सुटला. वडगावला 1779 च्या जानेवारीत इंग्रज फौजेने मराठ्यांपुढे शरण येऊन जो तह केला, तो मानायला नकार देणारा हाच. पुढे 1782 मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तहही याच्याच कारकिर्दीत. आणि तो मेला 1818 च्या ऑगस्टमध्ये, पेशवाई बुडाली त्याच उन्हाळ्यात. हे वाक्य गुरुजींसाठी राखून ठेवा, कबरीपाशी उभं राहून त्यांनाच म्हणू द्या.

मोरटनपासून दोनेक मैलांवर सेझिनकोट नावाची हवेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेली, तांब्याचा मुघली घुमट, बागेत सूर्याचं देऊळ आणि पुलाच्या कठड्यावर चक्क नंदी. सासूबाई हात जोडतील की हसतील, पैज लावा. उघडे दिवस आधी बघून घ्या, आणि तिथे मोटरहोम नेऊ नका, टॅक्सी करा. एकदा गाडी साइटवर लावली की ती घर समजायची. बोर्टन-ऑन-द-वॉटरला बसने जा. तिथे ऑगस्टच्या तोंडावर पार्किंग शोधण्यापेक्षा वारीत चप्पल शोधणं सोपं. मंगळवारी तिथे असाल तर मोरटनचा बाजार बघा, म्हणून सोमवारी निघा. आठवड्याच्या मधे साइटवर जागाही मिळते.

मधल्या दिवशी आयर्नब्रिजला जायला सत्तर-पंचाहत्तर मैल आहेत. दोन-अडीच तास धरा. सेव्हर्न नदीवरचा तो ओतीव लोखंडाचा पूल 1779 च्या उन्हाळ्यात उभा राहिला. म्हणजे वडगावचंच साल, गुरुजी इथे तुम्हाला सोडणार नाहीत. ओतीव लोखंडाचा एवढा पूल जोडायची रीत तोवर रुळलेली नव्हती, म्हणून कारागिरांनी सुतार लाकूड जोडतो तशा खाचा नि पाचरी घालून तो जोडला. खालून वर बघितलं की ते सांधे दिसतात. मुलाला दाखवा. पुलावर 1934 पासून वाहनं बंद आहेत, सासूबाईंना निवांत चालता येईल. घळईतले रस्ते मात्र चढाचे आणि अरुंद, तेव्हा गाडी वरच्या अंगाला ठेवा.

चालवण्याबद्दल दोनच शब्द. गाडीची उंची आणि रुंदी, मीटरमध्ये आणि फूट-इंचांत, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. कार पार्कच्या कमानी बऱ्याचदा दोन मीटरच्या आसपास असतात आणि माणूस ऐनवेळी आपलं छप्पर विसरतो. एकेरी गल्लीत समोरून कोणी आलं तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे जायचं, आणि मागे घेताना तुम्ही खाली उतरून आरशात दिसाल अशा उभ्या राहा. आरशात तुम्ही दिसत नसलात तर त्याने थांबायचं, हा करार.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी: केबल काढली का, छताची खिडकी लावली का, पायरी आत घेतली का, फ्रिजची खिट्टी. खिट्टी मी विसरले होते. पहिल्याच राउंडअबाउटला मागे धप्प आवाज झाला आणि किलोभर दही चमच्यांच्या खणात शिरलं. तीन दिवस आम्ही दह्याचे चमचे धुतले. तेव्हापासून दही प्रवासात सिंकमध्ये.

आणि शेवटच्या सकाळी गाडी परत देण्यापूर्वी कॅसेट रिकामी करून धुवावी लागते, नाहीतर दंड. ते काम ज्याची हौस त्याचं. नवऱ्याकडून आधी कबूल करून घ्या, सासूबाईंच्या देखत.